गाळ्यातल्या नेटवर्कला युनिक्सचा पीसी जोडताना

वागळे इस्टेटमधला एखादा गाळा डोळ्यांसमोर आणा. खाली शटर, मशीन आणि मालाचे खोके, वर पोटमाळ्यावर ऑफिस. आठ-दहा विंडोज पीसी, एक नेटवर्क प्रिंटर, बोट लावून हजेरी घेणारं मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि इंटरनेटवाल्याने भिंतीला ठोकलेला फायबरचा डबा. तुर्भे, महापे, रबाळे, कुठेही गेलात तरी चित्र साधारण हेच. अशा ऑफिसात ड्रॉइंग, बिलं आणि टॅलीचा बॅकअप एका जागी ठेवायला युनिक्सवर चालणारा एक साधा पीसी फार कामाचा ठरतो. या लेखात फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली कार्यप्रणाली धरली आहे, कारण तिच्यात नेटवर्कची जवळजवळ सगळी मांडणी एकाच फाइलमध्ये राहते. लिनक्स असेल तर आज्ञा बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

क्रमावरच सगळं अवलंबून आहे. कागद, केबल, कार्ड, पत्ता, आणि मग फोल्डर वाटणं वगैरे. खालची पायरी तपासून पक्की केल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावू नका. 'फोल्डर उघडत नाही' म्हणून दिवसभर सांबाची (विंडोजला फोल्डर वाटणाऱ्या प्रोग्रामची) फाइल उलटसुलट करत बसायचं आणि दोष निघायचा केबलच्या टोकात, हे फार वेळा होतं. युनिक्सचं नाव घेतलं की लोक आधी युनिक्सवरच संशय घेतात, पण अशा जोडणीत घोळ बहुतेक वेळा वायरीत किंवा पत्त्यांत असतो.

पुढे आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, फोनवरून कोणी सांगावं तशी. टाइप करताना रोमन लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. 'हायफन' म्हणजे आडवी रेघ, 'डॉट' म्हणजे टिंब. वेगळं सांगितलं नसेल तिथे आज्ञा रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यातून, द्यायची.

आधी कागद

नव्या मशीनला हात लावण्याआधी ऑफिसातल्या प्रत्येक विंडोज पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' द्या. त्यातल्या चार गोष्टी कागदावर उतरवा: आयपीव्ही४ पत्ता, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे (बाहेर जाण्याचं दार, म्हणजे राउटर) आणि डीएचसीपी सर्व्हर (पीसींना आपोआप पत्ते वाटणारं यंत्र). शेवटची ओळ लोक बघत नाहीत, आणि नेमका तिथेच घोळ सापडतो.

सगळ्या पीसींवर डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता एकच दिसला पाहिजे. काहींवर १९२.१६८.१.१ आणि काहींवर १९२.१६८.०.१ दिसत असेल तर एकाच नेटवर्कवर दोन जण पत्ते वाटत आहेत. कारण ठरलेलं असतं. इंटरनेटवाल्याचा डबा स्वतःच राउटर असतो आणि पत्ते वाटतो. ऑफिसने वायफायसाठी आणलेला दुसरा राउटर त्याला 'वॅन' (बाहेरच्या) पोर्टमधून न जोडता 'लॅन' (आतल्या) पोर्टमधून जोडलेला असतो, म्हणून तोही वाटतो. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता पीसी घेतो. दुसऱ्या राउटरकडून पत्ता घेतलेल्या पीसीचं इंटरनेट सहसा बंद पडतं, कारण त्या राउटरचा वॅन पोर्ट रिकामाच असतो. शिवाय एका पट्ट्यातल्या (पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असलेल्या गटातल्या) पीसीला दुसऱ्या पट्ट्यातला प्रिंटर दिसत नाही, आणि वीज जाऊन आली की कोण कुठल्या पट्ट्यात जाईल याचा नेम नसतो.

यावर दोन उपाय आहेत, त्यातला एक निवडा. दुसरा राउटर फक्त वायफायसाठी हवा असेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला वाटपाबाहेरचा एक मोकळा पत्ता द्या आणि लॅन पोर्टमधूनच जोडलेला ठेवा. ऑफिसचं नेटवर्क स्वतःच्या ताब्यात ठेवायचं असेल तर फायबरच्या डब्यातून येणारी केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये घाला आणि ऑफिसची सगळी यंत्रं त्या राउटरच्या मागे जोडा. आमची पसंती दुसऱ्या उपायाला आहे. इंटरनेटवाला बदलला, डबा बदलला, तरी आतले पत्ते जागचे हलत नाहीत.

मात्र दुसऱ्या उपायात एक खड्डा आहे. डबाही १९२.१६८.१ च्या पट्ट्यात आणि तुमचा राउटरही त्याच पट्ट्यात असेल तर राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच पट्टा येतो. मग आलेलं पॅकेट बाहेर पाठवायचं की आत ठेवायचं हे राउटरला ठरवता येत नाही. काही राउटर स्वतःहून आतला पट्टा बदलतात, काही नुसते अडून बसतात. म्हणून ऑफिससाठी थोडा वेगळा पट्टा घ्या, उदाहरणार्थ १९२.१६८.२५. पुढे कधी घरून व्हीपीएन लावायची वेळ आली तर घरचा पट्टा आणि ऑफिसचा पट्टा सारखा निघण्याची कटकटही यामुळे टळते.

आता वाटणी. राउटर १९२.१६८.२५.१. युनिक्सचा पीसी १०. प्रिंटर २०. हजेरीचं मशीन ३० आणि डीव्हीआर ३१. राउटरच्या डीएचसीपी पानावर वाटपाची सुरुवात १०० आणि शेवट १९९ असा भरा, म्हणजे १०० च्या खालचा कोणताही पत्ता राउटर आपणहून कोणाला देणार नाही. ज्या यंत्रावर दुसऱ्यांचं काम अवलंबून आहे त्याचा पत्ता १०० च्या खाली आणि कायमचा. लोकांचे पीसी, लॅपटॉप, मोबाइल १०० च्या वर, मिळेल तो. हा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून नेटवर्कच्या स्विचच्या (सगळ्या केबली एकत्र येतात त्या डब्याच्या) शेजारी भिंतीला चिकटवा. संगणकातल्या फाइलमध्ये ठेवला तर नेटवर्क बंद पडलेलं असतं तेव्हाच तो हाताशी नसतो.

केबल

पट्टी लावून मोजायचं नसलं तरी अंदाज घ्या. स्विचपासून पीसीपर्यंत, दोन्ही टोकांच्या छोट्या कॉर्ड धरून, १०० मीटरच्या आत राहायचं. गाळ्यात एवढं अंतर क्वचितच भरतं. इथे त्रास लांबीचा नसतो, केबलच्या जातीचा आणि टोकांच्या कामाचा असतो.

'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६', आणि आतली तार शुद्ध तांब्याची. लॅमिंग्टन रोडवर किंवा ठाण्यात स्टेशनजवळ ३०५ मीटरचा खोका घेताना भाव फारच कमी सांगितला तर तार ब्लेडने खरवडून बघा. वरचा लालसर थर निघून आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल आहे. ती दोनदा वाकवली की तुटते, तिचा रोध जास्त असतो आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांना ती लावली तर तापते. ती घेऊ नका. भिंतीतून जाणाऱ्या केबलची तार एकसंध हवी. पीसीजवळच्या, सारख्या हलणाऱ्या कॉर्डची तार बारीक तारांची पिळलेली हवी, आणि ती तयार विकत घेतलेली बरी.

आता टोक. कनेक्टर असा धरा की खटका खाली, सोनेरी पिना वर आणि केबलचं भोक तुमच्याकडे. डावीकडची पहिली पिन एक. तिथून रंग असे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. वरचं आवरण साधारण अडीच सेंटिमीटर सोला, तारा सरळ करून क्रमाने लावा आणि मग एका रेषेत कापून १२-१३ मिलिमीटरच बाहेर ठेवा. यापेक्षा जास्त पीळ उलगडला तर जोड्यांची एकमेकींत गळती वाढते. कनेक्टर दाबल्यावर त्याचा मागचा दात केबलच्या आवरणावर बसला पाहिजे. तो तारांवर बसला असेल तर सहा महिन्यांत टोक सुटणार हे धरून चाला.

या रंगक्रमात हिरव्या जोडीच्या दोन तारा तीन आणि सहा नंबरवर का जातात, हा प्रश्न वायरमनला पडतो आणि तो स्वतःच्या हिशेबाने 'नीट' क्रम लावतो: नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी. दोन्ही टोकांना तसंच. दीडशे-दोनशे रुपयांच्या टेस्टरवर एक ते आठ दिवे अगदी क्रमाने लागतात, कारण प्रत्येक तार योग्य पिनेला पोचलेली असते. पण सिग्नल तीन आणि सहा या जोडीवर जातो, आणि आता त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या नाहीत. एक हिरव्यातली आहे, दुसरी निळ्यातली. पीळ नाही म्हणजे बाहेरचा गोंगाट रद्द होण्याची सोय नाही. अशी केबल कमी वेगावर चालल्यासारखी वाटते आणि मोठी फाइल टाकली की अडखळते. टेस्टरवर विसंबू नका, कनेक्टरच्या पारदर्शक तोंडातून डोळ्यांनी रंग वाचा.

विजेच्या पाइपला समांतर केबल नेऊ नका, निदान एक फूट अंतर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. खालच्या मजल्यावर वेल्डिंग किंवा मोठ्या मोटरी असतील तर हे अंतर आणखी वाढवा. समोरच्या इमारतीतल्या दुसऱ्या गाळ्यापर्यंत जायचं असेल तर तांब्याची केबल नकोच. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि जूनच्या पहिल्या विजांत किंवा परतीच्या पावसात दोन्हीकडचे पोर्ट एकदम जळतात. तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) लावा.

कार्ड ओळखलं का

केबल लावली, स्विचवरचा दिवा लागला. मग युनिक्सच्या पीसीवर 'इफकॉन्फिग' द्या. एलओ० हा मशीनचा स्वतःशी बोलण्याचा दुवा, तो सोडून द्या. त्याशिवाय जे नाव दिसेल ते नेटवर्क कार्ड. रियलटेकचं असेल तर आरई०, इंटेलचं असेल तर ईएम०, आयजीबी० किंवा आयजीसी०. पुढे आरई० धरलं आहे, तुमच्याकडे जे असेल ते लिहा.

एलओ० शिवाय काहीच दिसत नसेल तर 'पीसीआयकॉन्फ हायफन एलव्ही' द्या. ज्या यंत्राला ड्रायव्हर मिळालेला नाही त्याच्या ओळीची सुरुवात 'नन' या शब्दाने होते आणि खालच्या ओळींत बनवणाऱ्याचं नाव असतं. तिथे ईथरनेट लिहिलेलं दिसलं तर कार्ड शाबूत आहे, ड्रायव्हर नाही. रियलटेकच्या अडीच गिगाबिटच्या नव्या चिपांबाबत जुन्या आवृत्त्यांत हे होतं. त्यांचा ड्रायव्हर पॅकेजमधून वेगळा घालता येतो, पण पॅकेज आणायला नेटवर्क हवं, आणि नेटवर्कच तर नाही. तेवढ्यापुरता यूएसबीचा ईथरनेट अडॅप्टर लावा, तो यूई० म्हणून दिसतो.

कार्ड दिसल्यावर त्याखालच्या दोन ओळी वाचा. 'स्टेटस'पुढे 'अ‍ॅक्टिव्ह' हवं. 'नो कॅरियर' असेल तर केबल, स्विचचा पोर्ट किंवा टोक यांपैकी काहीतरी मेलेलं आहे. पत्ता देऊन काही उपयोग नाही, मागे वळा. 'मीडिया'च्या ओळीत कंसात १०००बेसटी (गिगाबिटचा वेग) आणि फुल-डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहतूक) हवं. स्विच गिगाबिटचा असून १००बेसटीएक्स दिसत असेल तर चार, पाच, सात, आठ यांपैकी एखादी तार तुटली आहे. शंभरच्या वेगाला एक, दोन, तीन, सहा एवढ्याच तारा लागतात, गिगाबिटला आठही लागतात. इथे वेग हाताने ठरवून द्यायचा मोह होतो. तो आवरा. एका टोकाला फुल-डुप्लेक्सची सक्ती केली आणि दुसरं टोक आपोआपवर राहिलं, तर दुसरं टोक हाफ-डुप्लेक्सवर उतरतं. मग पिंग (समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं) चालतं, पण फाइल टाकताना वेग तळाला जातो. वायफायवरही हे मशीन ठेवू नका. सगळ्यांच्या फाइली ज्याच्याकडे आहेत त्याला तारच हवी.

पत्ता

पहिल्यांदा डीएचसीपीनेच पत्ता घेऊन बघा: 'डीएचक्लायंट आरई०'. दोन-चार सेकंदांत १०० ते १९९ मधला पत्ता मिळाला तर केबल, कार्ड आणि राउटर तिघंही ठीक आहेत, हे एका फटक्यात कळतं. मगच कायमचा पत्ता लावा.

तो ईटीसी फोल्डरातल्या आरसी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये राहतो. फाइल हाताने उघडण्यापेक्षा 'सिसआरसी' ही आज्ञा वापरा. सिसआरसी, मग 'इफकॉन्फिग अंडरस्कोर आरई०', बरोबरचं चिन्ह, आणि दुहेरी अवतरणांत 'इनेट १९२.१६८.२५.१० नेटमास्क २५५.२५५.२५५.०'. दुसऱ्यांदा सिसआरसी, 'डिफॉल्टराउटर' बरोबर १९२.१६८.२५.१. तिसऱ्यांदा 'होस्टनेम' बरोबर मशीनचं नाव. नाव छोटं, रोमन लिपीत, मोकळी जागा न ठेवता द्या, १५ अक्षरांच्या आत, कारण विंडोजच्या जुन्या नेटबायोस नावांची मर्यादा तेवढीच आहे. सिसआरसीचा आग्रह यासाठी की या फाइलमध्ये एक अवतरणचिन्ह जरी बंद करायचं राहिलं तरी पुढच्या सुरुवातीला अख्खी फाइल वाचली जात नाही. तसं झालंच तर मशीन सिंगल यूजरमध्ये उघडा, 'माउंट हायफन यू स्लॅश' देऊन डिस्क लिहिण्याजोगी करा आणि चिन्ह दुरुस्त करा.

डीएनएससाठी, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्यासाठी, ईटीसीतल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये 'नेमसर्व्हर १९२.१६८.२५.१' अशी ओळ हवी, तिच्याखाली बाहेरचा एखादा, जसं ८.८.८.८. दुसरा फक्त पहिला गप्प बसला तरच विचारला जातो, आणि त्याआधी काही सेकंद वाट बघितली जाते. 'सगळं चालतं पण प्रत्येक गोष्ट पाच सेकंदांनी' अशी तक्रार आली तर पहिला नेमसर्व्हर मेला आहे असं समजा.

आता 'सर्व्हिस नेटआयएफ रीस्टार्ट' आणि लगेच 'सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट'. पहिली आज्ञा वाटा पुसते, दुसरी त्या परत लावते. दुसरी विसरलात तर ऑफिसच्या आत सगळं दिसतं आणि बाहेर काहीच जात नाही. आधी डीएचसीपीने पत्ता घेतला होता, त्याची मागे चालू असलेली प्रक्रिया कधीकधी जुना पत्ता परत आणते. म्हणून पहिल्या वेळी सरळ मशीन रीबूट केलेलं बरं.

पिंगची शिडी

पिंग हा प्रोग्राम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, नेटवर्कमधला असाच एक बिघाड शोधताना. अजूनही त्याच्याइतकं सरळ हत्यार नाही, फक्त क्रमाने वापरायला हवं. 'पिंग हायफन सी ४' आणि पुढे पत्ता. आधी १२७.०.०.१, मग स्वतःचा २५.१०, मग राउटर २५.१, मग ८.८.८.८, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचं नाव. जिथे अडेल तिथेच दोष आहे, पुढचं बघू नका.

राउटरवर अडलं आणि 'होस्ट इज डाउन' आलं, तर 'एआरपी हायफन एएन' द्या. राउटरच्या पत्त्यापुढे 'इनकम्प्लीट' असेल तर हाक पोचतच नाही: केबल चुकीच्या स्विचमध्ये आहे किंवा पट्टा चुकला आहे. तिथे बारा आकडी-अक्षरी मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा नंबर) दिसत असेल तर हाक पोचते आहे, राउटरने पिंगला उत्तर देणं बंद ठेवलं असेल एवढंच. ८.८.८.८ ला 'नो रूट टू होस्ट' आलं तर 'नेटस्टॅट हायफन आरएन' मध्ये 'डिफॉल्ट' नावाची ओळ शोधा. ती नसेल तर डिफॉल्टराउटरची ओळ चुकली आहे किंवा राउटिंग रीस्टार्ट राहिलं आहे. आकड्याला उत्तर आणि नावाला नाही, तर डीएनएस. विंडोज पीसी पिंगला उत्तर देत नाही यावरून काही ठरवू नका, त्याची फायरवॉल ते बऱ्याचदा अडवते.

मॉनिटरवर मध्येच 'इज यूझिंग माय आयपी अ‍ॅड्रेस' अशी ओळ उमटली तर थांबा. तुमचाच १० नंबर दुसरं कोणीतरी वापरतं आहे. त्याच ओळीत त्या यंत्राचा मॅक पत्ता असतो. त्यातले पहिले तीन भाग बनवणाऱ्याचे असतात, त्यावरून डीव्हीआर की हजेरीचं मशीन ते शोधता येतं. कॅमेरेवाले आणि हजेरीवाले कोणाला न विचारता हाताने पत्ता घालून जातात, म्हणून तो कागद.

शिडीच्या सगळ्या पायऱ्यांवर पिंग आलं तरी एक तपासणी बाकी आहे. एखादी दोन-तीन जीबीची फाइल नेटवर्कवरून उतरवा आणि त्यानंतर 'नेटस्टॅट हायफन आय' मध्ये आरई० च्या ओळीतला 'आय-एरर्स'चा स्तंभ बघा. शून्य हवा. आकडा वाढत असेल तर केबलची टोकं परत करा. वर सांगितलेली चुकीच्या जोड्यांची केबल इथे हमखास पकडली जाते.

वेळ आणि दुरून लॉगिन

'टीझेडसेटअप'मध्ये आशिया, मग भारत निवडा. 'एनटीपीडी अंडरस्कोर एनेबल' आणि 'एनटीपीडी अंडरस्कोर सिंक अंडरस्कोर ऑन अंडरस्कोर स्टार्ट' दोन्ही सिसआरसीने 'येस' करा, म्हणजे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतं. फाइलींच्या वेळा बरोबर साडेपाच तास मागेपुढे दिसल्या तर बायोसचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे आणि युनिक्स त्याला जागतिक वेळ समजतं आहे, किंवा उलट.

एसएसएचसाठी (दुसऱ्या पीसीवरून सुरक्षित लॉगिनसाठी) 'एसएसएचडी अंडरस्कोर एनेबल' येस. विंडोज १० आणि ११ मध्ये एसएसएच आधीपासूनच असतं, वेगळं काही उतरवायला नको. पासवर्डऐवजी चालणारी किल्ली 'ईडी२५५१९' जातीची बनवा. किल्लीने आत जाता येतं याची खात्री झाल्यावरच पासवर्ड बंद करा. फ्रीबीएसडीवर त्यासाठी एसएसएचडीच्या मांडणीच्या फाइलमधली 'केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन' ही ओळ 'नो' करावी लागते. नुसतं 'पासवर्डऑथेंटिकेशन' नो करून पासवर्ड विचारणं थांबत नाही, आणि अनेकांना ते बंद झालं असा भ्रम राहतो. रूटला थेट लॉगिन आधीपासून बंद असतं, तसंच राहू द्या. राउटरवर पोर्ट उघडून हे मशीन इंटरनेटवर ठेवू नका. तसंही वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर इंटरनेटवाल्याने अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता दिला आहे आणि पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी पोचणार नाही.

फोल्डर वाटणं

'पीकेजी सर्च सांबा' देऊन सगळ्यात नवी आवृत्ती घाला. मांडणीची फाइल यूएसआर, लोकल, ईटीसी या वाटेवर एसएमबी४ डॉट कॉन्फ या नावाने तुम्हालाच तयार करायची आहे. 'ग्लोबल' भागात वर्कग्रुप तेच, जे विंडोज पीसींवर आहे, बहुतेक ठिकाणी 'वर्कग्रुप' हाच शब्द. त्याखाली शेअरचा भाग: नाव, फोल्डरची वाट, 'रीड ओन्ली' नो, 'व्हॅलिड यूजर्स' पुढे अ‍ॅट चिन्ह लावून गटाचं नाव, 'फोर्स ग्रुप' पुढे तेच नाव, 'क्रिएट मास्क' ०६६० आणि 'डिरेक्टरी मास्क' ०७७०. हे शेवटचे दोन विसरलात तर एकाने टाकलेली फाइल दुसऱ्याला उघडता येते पण बदलता येत नाही, आणि ऑफिसात 'फक्त वाचता येतं' अशी ओरड सुरू होते. 'टेस्टपार्म' देऊन फाइल तपासा, मग 'सांबा अंडरस्कोर सर्व्हर अंडरस्कोर एनेबल' येस करून सेवा सुरू करा.

माणसं दोनदा नोंदवावी लागतात. एकदा युनिक्सचं खातं, 'अ‍ॅडयूजर'ने, आणि एकदा सांबाचा पासवर्ड, 'एसएमबीपासडब्ल्यूडी हायफन ए' आणि पुढे नाव देऊन. दोन्ही पासवर्ड वेगळे साठवलेले असतात, एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. पासवर्डविना सगळ्यांना उघडं ठेवायची सोय सांबात आहे, पण विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून ती चालत नाही: तिथे प्रत्येक संवादावर सही सक्तीची आहे आणि पाहुण्या खात्याला सही करता येत नाही. प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या.

विंडोजच्या 'नेटवर्क'मध्ये मशीन दिसलं नाही तर घाबरू नका. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि १९२.१६८.२५.१० टाइप करा. उघडलं तर सगळं बरोबर आहे, फक्त जाहिरात होत नाही. ती हवी असेल तर 'डब्ल्यूएसडीडी' हे पॅकेज घालून चालू करा. एकाच पीसीवरून आधी एका नावाने आणि मग दुसऱ्या नावाने उघडायला गेलात तर विंडोज अडवतं. तिथे 'नेट यूज', मग तारा चिन्ह, मग 'स्लॅश डिलीट' देऊन जुनी जोडणी तोडा.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्या ऑफिसांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. युनिक्सच्या डिस्कवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची असते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचं चिन्ह, सगळी वेगळी मोजायची. म्हणजे एकूण ८५ चिन्हं. 'ठाणे' या शब्दातच चार चिन्हं आहेत. विंडोजवर २५५ चिन्हांपर्यंत चालणारं लांबलचक नाव इथे नक्कल करताना नाकारलं जातं, आणि मराठी नावांच्या फोल्डरातल्या दोन-चार फाइलीच का राहिल्या ते कोणाला उमगत नाही. नावं आखूड ठेवा, तारीख आकड्यांत आणि पुढे लिहा.

जुनी, दुरुस्त करून विकलेली कॉपिअर स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरात टाकते, त्यातल्या अनेकांना एसएमबीची (विंडोजच्या फोल्डर वाटण्याच्या भाषेची) पहिली आवृत्तीच येते. सांबा ४.११ पासून ती बंद आहे. एका कॉपिअरसाठी सगळ्या ऑफिसची सुरक्षा उतरवू नका. कॉपिअरमध्ये एफटीपीची सोय असेल तर तिच्यासाठी तेवढ्यापुरतं एक वेगळं खातं आणि एकच फोल्डर ठेवा.

प्रिंटर या मशीनमधून फिरवू नका. विंडोज पीसींनी २५.२० वर थेट छापावं. युनिक्समधूनच छापायचं असेल तर सीयूपीएस ही छपाईची प्रणाली घाला, आणि लक्षात ठेवा की 'एलपी' आणि 'एलपीआर' या नावांच्या जुन्या आज्ञा यूएसआर बिनमध्ये आधीपासून असतात. सीयूपीएसच्या त्याच नावाच्या आज्ञा यूएसआर लोकल बिनमध्ये येतात. पूर्ण वाट लिहून द्या, नाहीतर कागद निघत नाही आणि चूकही दिसत नाही.

वीज

फक्त पीसीला यूपीएस देऊन भागत नाही. स्विच, राउटर आणि फायबरचा डबा हेही त्याच यूपीएसवर घ्या, तिघांना मिळून फार थोडी वीज लागते. यूपीएस घेताना मागे यूएसबीचं तोंड आहे का बघा. असेल तर 'नट' हे पॅकेज बॅटरी संपत आल्यावर मशीन नीट बंद करू शकतं. पोटमाळ्यावर पत्र्याखाली स्विच ठेवला असेल तर मे महिन्यात तो तापून अडखळतो, तो खाली भिंतीला लावा. खाडीजवळच्या दमट हवेत पावसाळ्यात पिनांवर थर चढतो. स्विचचे मोकळे पोर्ट टोपणाने झाका, आणि पावसाळा संपला की प्रत्येक केबल एकदा काढून परत घाला.

बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर' अशा अर्थाची सेटिंग असते, ती 'चालू' वर ठेवा. मग सगळे घरी गेल्यावर, मशीन नीट बंद करून, ऑफिसचा मुख्य एमसीबी आणि यूपीएस दोन्ही बंद करा. दोन मिनिटांनी फक्त ते दोनच चालू करा आणि दुसऱ्या कशालाही हात लावू नका. दहा मिनिटांनी एका विंडोज पीसीवरून शेअर उघडा, एक फाइल टाका, ती दुसऱ्या पीसीवरून बदला. जमलं तर युनिक्सच्या पीसीचा मॉनिटर आणि कीबोर्ड काढून घ्या, त्यांची आता तिथे गरज नाही.